ब्रॅकेटखालचं वजन

नोव्हाय, मंगळवार, १७ ऑक्टोबर २००६

नुसता संताप झालाय. ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखाखालचं ब्रॅकेट सहा महिने खपून मी डिझाइन केलं, आणि आज त्याच्याच रिव्ह्यूला मला बाहेर बसवलं. का? तर मी एच-वन व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत परका. मग इंग्लंडहून आलेले ते दोघं काय इथले आहेत? ते हसत हसत आत गेले. त्यांच्या परवानगीचे कागद होते. माझे कुणी केलेच नाहीत.

मधेच बॉस बाहेर आला. "विमान झटक्यात वळलं तरी हे तुटणार नाही कशावरून? पटकन सांग." कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. आत जाऊन स्वतःचं म्हणून फेकलं असणार. आणि मी गाढव, सांगत बसलो!

मला दिलेल्या ड्रॉइंगमध्ये ब्रॅकेटखाली फक्त एक चौकोन होता. त्यात लिहिलेलं, वजन. बाकी सगळं झाकलेलं.

जेवताना मेधापुढे हेच बडबडत होतो. सात वर्षांची सई ऐकत होती. म्हणाली, "बाबा, बट व्हॉट वॉज द वेट?"

"जेव गं तू," मेधा म्हणाली.

बॉम्ब. दुसरं काय असणार? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं मला. तरी सहा महिने त्या चौकोनाला वजनच म्हणत आलो. तो ठरलेल्या जागेआधी निसटू नये म्हणून जिवाचं रान केलं.

आणि आज चिडलो कशावर? तर बंद दारावर.