मातीच्या भिंतीले सिमेंट

२ एप्रिल
घाटंजीत जुनं मातीचं घर घेतलं. बायकोचे, बबिताचे, चांदीचे तोडे मोडून. लय रडली. म्हणे, आपलं स्लॅबचं घर हाये ना, मंग हे कायले? बायकांना इन्व्हेस्टमेंट समजत नाही. शाळा उघडायच्या आत भाडेकरू आणतो अन् भाड्यातून नवे तोडे करून देतो, असं सांगून टाकलं. मंग दुसरं घर. मंग तिसरं. आमच्या तांड्यातले लोक बसा म्हणा कपाशीच वेचत.

९ एप्रिल
अन्सार मिस्त्री घर पाहून गेला. म्हणे, खेमसिंगभाऊ, मातीच्या भिंतीले सिमेंट लावू नका. आत ओल कोंडते, भिंत फुगते. शेणामातीनं लिपा, दरसाल लिपा. हा स्वतः भाड्यानं राह्यते अन् मले शिकवून राह्यला! हाकलला.

२० मे, दुपार
स्वतः उभं राहून सिमेंट चढवलं. वरून गुलाबी ऑइलपेंट. येणारे-जाणारे थांबून पाहून राह्यले. जळतात, दुसरं काय.

३ जून
एक गुरुजी आले. दोन लेकरं. भिंतीवर रेघोट्या ओढतील. नाही म्हटलं.

५ जून
बँकेतला पोट्टा आला. मोटरसायकल हाये. अंगणात ऑइल सांडीन. नाही म्हटलं. भाडेकरू निवडायले अक्कल लागते.

१९ जून
तीन दिवस झोडपून राह्यला पाऊस. भिंतीले पोट आलं. पेंट खराब निघाला. कंपनीवर केस करतो. तोवर भिंतीले लोखंडी कपाट टेकवून ठेवलं.

२३ जून
सरकारी दवाखान्यातल्या आरजू सिस्टरनं घर पसंत केलं. कपाट हलवू नका, एवढंच सांगितलं. उद्या सामान येते. बबिताले म्हटलं, पाह्य!

२४ जून
सिस्टरचं सामान छोटा हत्ती टेम्पोतून उतरायच्या आत भिंत बसली. माती सारी खाली. सिमेंटचा पापुद्रा मात्र अख्खा निघाला, म्हणजे माल चांगला होता. अन्सार आला, ओली माती मुठीत दाबून पाहून गेला. हलकट! सिस्टर रस्त्यावर उभी राहून रडली. बबितानं तिचं सामान आमच्या घरात नेलं. आमच्याच खोलीत.

५ जुलै
भाडं बबिता घेते. तोडे तीच करीन म्हणते. जुन्या घराचे दारं-खिडक्या कोणी उचलून नेऊ नये म्हणून मले इथं धाडलं. ताडपत्रीखाली बसलो. तरी भाड्याचा धंदा सुरू झालाच ना? जागा तेवढी बदलली.

दुपारी डबा घेऊन सिस्टरचे अब्बा आले. कालच गावावरून आले, मले ओळखत नव्हते. मायेनं बाजूले बसले. विचारलं, मालकीणबाईनं राखणीले कितीवर ठेवलं?

मालक मीच हाये, हे सांगाची लाज वाटली. दोन टाइमच्या डब्यावर, म्हटलं.