शांत माणसाचा ताजा पास्ता

९ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायला नाही. मी मुळात शांत माणूस आहे आणि हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं, कारण सध्या बाकी कोणी तसं म्हणत नाहीये.

पार्सल गोदामातून सक्तीची सुट्टी. मी एका ड्रायव्हरला मारलं, असा रिपोर्ट आहे. मारलं नाही. चिकटपट्टीचं मशीन टेबलावर ठेवत होतो, मध्ये त्याचा कान आला.

बायको लेकीला घेऊन तिच्या भावाकडे राहायला गेली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. जाताना तिने नुसतं बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराला भोक पडलंय, कबूल. पण हल्ली दारं पुठ्ठ्याची करतात. चांगल्या दाराला माझ्या मुठीने काय होणार होतं?

संध्याकाळी तिचा फोन. रविवारी दुपारी आम्ही जेवायला येतो, म्हणाली. स्वयंपाक तू कर. काहीही न फुटता एक जेवण पार पडलं, तर पुढचं बोलू. लेकीला पास्ता आवडतो.

भाऊपण येईल, म्हणाली. भाऊ कशाला, मी विचारलं. गाडी चालवायला, म्हणाली.

बायको स्वतः उत्तम गाडी चालवते.

१० ऑक्टोबर, सकाळ
संकल्प: पाकिटातला सॉस आणायचा नाही. सगळं ताजं. पास्तासुद्धा घरी लाटायचा. बाहेरून आणलेलं वाढणारा बाप आणि स्वतः मळणारा बाप, यात फरक असतो. मुलांना तो कळतो.

मोबाइलवर एका बाईचे व्हिडिओ सापडले. बाई सतत हसते आणि दर वाक्याला ‘अगदी सोप्पं’ म्हणते. मला ती आवडली.

दुपार
सुरुवात लसूण-तेल पास्त्याने. अगदी सोप्पं. लसूण पाकळीवर सुरी आडवी ठेवायची आणि वरून एक ठोसा. ठोसे हा काही माझा कच्चा विषय नाही. पहिल्या ठोशाला पाकळी फ्रिजच्या मागे गेली. दुसऱ्याला चॉपिंग बोर्डचे दोन तुकडे. तिसऱ्याला अंगठा. रक्त बरंच आलं, पण ते ऑलिव्ह ऑइलमध्ये पडू दिलं नाही. कंट्रोल म्हणतात तो हा.

मग लसूण जळला. बाई म्हणाली होती सोनेरी होऊ द्या. तो सोनेरी झाला आणि मी अंगठ्याला पट्टी बांधेपर्यंत कोळसा झाला. तेलाने पेट घेतला. अशा वेळी माणसाला झटपट निर्णय घ्यावा लागतो. मी पॅन खिडकीबाहेर ठेवला.

‘फेकला’ असं वरचा म्हणतो. वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचा चष्मेवाला. पॅन त्याच्या स्कूटरच्या सीटवर पडला आणि सीट जळली. माझ्या खिडकीखाली स्कूटर लावायची का, हा मूळ मुद्दा आहे. तो बाजूलाच राहिला.

११ ऑक्टोबर
चष्मेवाल्याशी जिन्यात चर्चा झाली.

मी त्याला आधी शांतपणे समजावलं. समजावताना एक हात त्याच्या गळपट्टीवर होता, कारण जिन्यात लाइट नव्हता आणि तो कुठे उभा आहे हे कळायला हवं. त्याने हातातलं हेल्मेट माझ्या डोळ्यावर मारलं. माणूस काडीसारखा. वय झालेलं. पण हेल्मेट जड होतं. मी त्याच्या नाकावर एक दिली. ती लागली भिंतीला. त्याने परत हेल्मेट मारलं. मग त्याची बायको वरून मॉप घेऊन आली आणि तिने कोण चूक, कोण बरोबर हे न बघता दोघांनाही झोडपलं. त्याला कमी.

मी जिंकू शकलो असतो. रविवारचा विचार करून थांबलो.

डोळा बंद झालाय. रविवारपर्यंत उतरेल. सूज पांढरी दिसावी म्हणून त्यावर मैदा लावून पाहिला. नाही दिसत.

१२ ऑक्टोबर, सकाळ
टोमॅटो आणायला गेलो. व्हिडिओतली बाई सांगते, टोमॅटो ताजा आहे का ते हळूच दाबून बघा. भाजीवाली सांगते, दाबू नका. दोन बायका दोन गोष्टी सांगणार आणि शिव्या मला. मी हळूच दाबला. फुटला. दुसरा दाबला, तोही. मग ती काहीतरी बोलली. काय बोलली ते लिहीत नाही, मला या वहीत घाण नको. मी फक्त तिसरा टोमॅटो खाली ठेवला. जोरात. तिच्याच टोमॅटोंवर.

फुटलेले सगळे तिने माझ्या पिशवीत कोंबले. निघालो तर पाठीत एक येऊन बसला. मागे वळलो नाही. तेवढं मोठं मन आहे माझ्याकडे.

फायदाच झाला. सॉससाठी टोमॅटो ठेचावेच लागतात.

दुपार
सॉस जमला. मनापासून सांगतो, जमला. टोमॅटो, लसूण, तेल, मीठ, मंद आच. बेसिलचं, म्हणजे इटालियन तुळशीचं, रोप आणलं. बाई म्हणते, पान तळहातावर ठेवून वरून एक चापट मारायची, म्हणजे वास सुटतो. चापट मारली की सुगंध येतो. ही गोष्ट जगात इतकी वर्षं आहे आणि मला कोणी सांगितली नव्हती.

लेकीचा फोन आला. मी स्वयंपाक करतोय म्हटल्यावर तिने विचारलं, “काही फुटलं का?” नाही म्हटलं. तेवढ्यात झाकण पडलं. “बाबा, आत्ता काय आवाज आला?” झाकण पडलं, मी म्हटलं. “पडलं की टाकलंस?” तिने विचारलं.

पडलंच होतं. खरोखर. शपथ घेऊन सांगितलं. हो का, म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.

माझ्या बोलण्यावर पटकन विश्वास ठेवावा हे तिला कोणीतरी शिकवायला हवं. बायकोशी बोलीन.

१३ ऑक्टोबर
आज कणीक. म्हणजे मैदा आणि अंडी.

आतापर्यंतच्या आयुष्यात मला असं काम कोणी दिलंच नव्हतं. मैद्याचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची (फोडायची. परवानगी आहे.), आणि मग तळहाताच्या टाचेने गोळा पुढे ढकलायचा, दुमडायचा, परत ढकलायचा. बाई म्हणते, भरपूर जोर लावा, गोळ्याला राग येत नाही. मला सुट्टीवर धाडणाऱ्या एचआरवाल्या बाईंना मळलं. ड्रायव्हरला मळलं. चष्मेवाल्याला दुमडून दुमडून मळलं. मेव्हण्याला सर्वात जास्त. गोळा इतका मऊ झाला की कानाच्या पाळीसारखा लागायला लागला. घामाने शर्ट ओला, डोकं एकदम रिकामं. असं वाटलं की हे मला आधी कळलं असतं, तर ते दार वाचलं असतं.

म्हणजे दाराचा दर्जा वाईटच होता. तो मुद्दा कायम आहे.

पुढे लाटायचं मशीन. ते ओट्याच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवायचं. घट्ट बसवलं. हँडल फिरेना. जोर दिला. बोट आत गेलं. बोट बाहेर काढायला मशीन ओढलं, तर मशीन आलं, स्क्रू आला आणि ओट्याची कडही आली. मशीन जमिनीवर आपटलं. एकदाच. मग त्याच्यावर उभा राहिलो, पण ते फक्त बोट सोडवायला.

बोट निघालं. लाटण्याने लाटेन. माणसं मशीनच्या आधीपासून पास्ता खातायत.

१४ ऑक्टोबर
रंगीत तालीम. लाटला, सुरीने पट्ट्या कापल्या, खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातल्या. घर छापखान्यासारखं दिसत होतं. मी खूश होतो.

आणि मेव्हणा आला. उद्याचं निमंत्रण असताना आज आला. बघून जातो, म्हणाला.

मेव्हणा फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे हातपाय पिरगाळतो आणि लोक वर थँक यू म्हणतात. त्याने दाराचं भोक बघितलं, ओट्याची कड बघितली, माझा डोळा बघितला. मग खुर्चीवरची एक पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि बसला. “भावोजी,” म्हणाला, “उद्या ती पोर टेबलावर असताना तुमचा आवाज जरा जरी चढला, तर मी तुमचा हात मोडीन.” आवाज इतका गोड की मला आधी वाटलं, मदत करतो म्हणतोय. “आणि नीट बसवूनही देईन. काळजी करू नका.”

माझ्या घरात. माझ्या पास्त्याला टेकून. मी त्याला उठायला मदत करावी म्हणून त्याचा खांदा धरला. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण माझा चेहरा मैद्यात होता आणि हात पाठीमागे, खांद्यापर्यंत वर. मी मुद्दाम प्रतिकार केला नाही. श्वास घेतला की नाकात मैदा जात होता. मैदा उत्तम प्रतीचा आहे.

सोडल्यावर त्याने माझा शर्ट झटकला. “ताई रोज विचारते, तो बरा आहे का,” म्हणाला. “मला काय सांगायचं ते कळत नाही.”

बरा आहे म्हणून सांग, मी म्हटलं.

१५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
मळलं. लाटलं. कापलं. काही फुटलं नाही. ओट्याच्या तुटक्या कडेवर बेसिलची कुंडी ठेवली. दारावर कॅलेंडर लावलं. डोळा जांभळ्याचा पिवळा झालाय, ते सुधारणेचं लक्षण.

आजच्यानंतर बायको सामान घेऊन येईल. कपाटातला तिचा कप्पा रिकामा करून ठेवला. तसा तो रिकामाच होता.

संध्याकाळ
झालं ते जसंच्या तसं लिहितो.

वेळेवर आले. बायकोने जॅकेट काढलं नाही. दाराजवळची खुर्ची घेतली. लेक शेल्फखाली भिंतीला टेकून बसली, मेव्हणा तिच्या आणि माझ्या मध्ये. मी वाढलं. बेसिलचं पान हातावर घेतलं आणि सगळ्यांना दाखवून चापट मारली. टाळीसारखा आवाज झाला, तसे लेकीने डोळे मिटले. वासाने असेल.

पण खाल्लं तिने. सॉस बोटाने पुसून खाल्ला. परत मागितला. शाळेतल्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल सांगितलं, कोणीतरी तिचा गॉगल लपवला होता ते सांगितलं. मी कोणी लपवला, कुठे राहतो, काहीच विचारलं नाही. बायको एकदा हसली. “छान झालाय रे,” म्हणाली. मेव्हणा खाली मान घालून जेवत होता. त्याने ताट चाटायचंच बाकी ठेवलं होतं.

मग गॉगल कसा सापडला ते सांगताना लेकीचं कोपर ग्लासला लागलं. सरबत सांडलं, ग्लास खाली पडून फुटला. तिने फोडला. मी नाही.

मी ओरडलो नाही. एक शब्द बोललो नाही. पुसायला फडका हवा होता. फडका तिच्या डोक्यावरच्या शेल्फवर होता. मी उठलो आणि हात वर केला.

लेक खुर्चीवरून खाली सरकली आणि टेबलाखाली गेली. दोन्ही हात डोक्यावर. किंचाळली नाही, रडली नाही. इतक्या सराईतपणे गेली की जणू तिची ती नेहमीची जागा आहे.

मेव्हण्याची खुर्ची मागे पडली. माझं मनगट त्याच्या हातात आलं आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. मी म्हणत होतो, फडका. फडका. फडका घेतोय. त्याने वर बघितलं. फडका तिथेच होता, निळ्या चौकड्यांचा. त्याने हात सोडला. “सॉरी, भावोजी,” म्हणाला. पहिल्यांदाच मला सॉरी म्हणाला असेल.

बायको टेबलाशी गुडघ्यावर बसली होती. काचा पसरल्या होत्या, तरी बसली. आत बघून म्हणाली, “बाळा, बाबा फडका घेत होता. बघ, फडका आहे वर. तो काही करणार नव्हता.”

आतून लेक म्हणाली, “माहितेय.”

आणि बाहेर आली नाही.

आम्ही तिघे तसेच थांबलो. माझं काही चुकलं नव्हतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीलासुद्धा. मग बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू जरा आत जाशील? नाहीतर ती तशीच बसून राहील.”

गेलो. खोलीचं दार लावलं. हळू. आतून खुर्चीचा आवाज ऐकला, बुटांचा ऐकला, मेव्हणा काचा गोळा करतोय तेही ऐकलं. मग दारापलीकडून, अगदी जवळून, लेक म्हणाली, “बाबा, पास्ता छान झाला होता.”

मी थँक यू म्हणालो. दार उघडलं नाही. उघडायला हात लावला होता.

१६ ऑक्टोबर
मनगट सुजलंय. मेव्हण्याचा मेसेज आला, येऊन बसवून देतो. बायकोचा मेसेज नाही.

उरलेला पास्ता उभ्यानेच गार खाल्ला. मीठ बरोबर होतं.

काल सगळं व्यवस्थितच चाललं होतं. चूक फक्त मांडणीची होती. फडका काढून खालच्या खणात ठेवला. डाव्या हाताने. मग लेकीच्या खुर्चीवर बसून बघितलं, मी उठून उभा राहिलो तर तिथून केवढा दिसत असेन.

दुसरी काही मांडणी सुचली नाही.