नाल्यापलीकडच्या चुली

माय,

तुला गाव तोंडपाठ होतं, मला अजूनही अर्धंच येतं. महिनाभरापूर्वी परत आलो. किती दिवसांसाठी, ते विचारू नको, मलाच माहीत नाही. काटोल नाक्यापासून पायी आलो आणि पाय आपोआप तुझ्या सर्व्हेच्या वाटेला लागले. आधी टेकाडावरचं जुनं गाव, एका टोकाला मारुती, दुसऱ्या टोकाला विहार. मग खालची विकलेली वावरं. तेव्हा तिथं तुरीमध्ये प्लॉटचे पांढरे दगड उभे असायचे. आता शहरात महाल भागातल्या गल्ल्या सोडून आलेल्या लोकांची दुमजली घरं आहेत, आणि दारात गाडी लावायला जागा मिळाली याचं त्यांना अजून कौतुक आहे. एका फाटकावर तर गाडीचाच फोटो फ्रेम करून लावलाय. असो. मग नाला, आणि नाल्यापलीकडं विटाभट्ट्या. दिवाळीनंतर बालाघाटकडून येणारी आणि पावसाआधी जाणारी माणसं तिथं राहायची. आता भट्ट्या नाहीत. फ्लॅट आहेत, खाली राखणदाराची खोली, वर वाळत घातलेल्या चादरी.

हे सगळं गाव तू वर्षातून एकदा मोजायचीस. अंगणवाडीच्या सेविकेचं कामच ते, पण तुझी मोजायची रीत वेगळी होती. आपल्याकडं भाऊ भाऊ वेगळे झाले की पहिली दोन-तीन वर्षं लपवतात. बाहेरून एकच दार, एकच कुलूप, आत चुली दोन. तू पाणी मागायच्या निमित्तानं सैपाकघरापर्यंत जायचीस, दोन चुली दिसल्या की रजिस्टरात दोन कुटुंबं लिहायचीस आणि बाहेर येऊन तोंडाला कुलूप. शेजारीण विचारायची, "काहून वं बाई, त्याईचं वेगळं झालं का?" तू म्हणायचीस, "मले काय माहीत बाप्पा, मी त लेकरं मोजाले गेल्ती." मला या गोष्टीचं फार हसू यायचं. तिच्यामागचं काम मात्र मी कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी तुझा गुडघा सुजला होता आणि मी बारावीत दुसऱ्यांदा नापास होऊन घरात लोळत होतो. रजिस्टर माझ्या हातात देऊन तू म्हणालीस, "नाल्यापलीकडची घरं तू पाहून ये गा. छप्पर मोजशील त फसशील. आत जाय, पाणी माग, चूल पाय." मी निघालो, अगदी खरंच जायच्या विचारानं निघालो. पण खालच्या लेआउटमध्ये बोअरची गाडी लागली होती. तुला माहीत आहे, बोअर चालू असला की मला पुढं जाता येत नाही. पांढरी धूळ उडतेय, प्लॉटचा मालक उदबत्ती लावून उभा, दहा-वीस माणसं गोल करून. कुणी विचारतंय, "लागलं का गा पाणी?" मशीनवाला म्हणतोय, "लागलं ना, तुह्या कपाळाले." ऊन उतरेपर्यंत मी तिथंच. पाणी लागलंच नाही. मग मी नाल्याच्या पुलावर बसलो, पलीकडची छपरं मोजली, आणि दर छपराखाली एक कुटुंब, चार-पाच माणसं, असं अंदाजानं लिहून टाकलं.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. "आत गेल्ता?" "गेल्तो ना." "त्या कोपऱ्यातल्या घरी चुली किती?" "एकच. बुढीनं पाणी देलं मले, गुळाचा खडा बी देला." ती बुढी मी कुठून आणली कोण जाणे. नुसतं 'एकच' म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण तुझा चेहरा असा उजळला, पोरगा कामाला लागला म्हणून, की मला थांबवेना.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत भट्टीवरची एक बाई आली. सातवा महिना, दोन कोसांवरून आल्यासारखी दमलेली. गरोदर बायांचा आहार वाटणं चालू होतं, सुपरवायझर मॅडम आल्या होत्या, मी सतरंजी उचलायला आलो होतो. यादीत तिचं नाव नव्हतं. ती आणि तिची जाऊ त्या कोपऱ्यातल्या एकाच छपराखाली राहायच्या, पण चुली वेगळ्या, आणि मी त्या छपराखाली एकच कुटुंब लिहिलं होतं. तू मॅडमच्या देखत तिला बोललीस, "तुमच्याच घरून एक चूल सांगतली नं वं." ती म्हणाली, "किसने पूछा बाई? हमारे यहाँ तो कोई आया ही नहीं." मग तू आवाज चढवलास. तुझा आवाज चढलेला मी फार थोड्या वेळा ऐकला. "माहा पोरगा सोता आत गेल्ता. तुमच्या बुढीनं पाणी देलं त्याले. खोटं नोको बोलू." ती माझ्याकडं बघत राहिली. "कौन सी बुढ़िया, बाई?" मी सतरंजीची घडी घालत होतो. नीट घातलेली घडी मी उलगडली आणि परत घातली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नाव चढवा, आणि ती रिकाम्या हातानं गेली.

त्या दिवशी तू लंगडत नाल्यापलीकडं गेलीस. दिवेलागणीला परत आलीस, पाय धुतलेस, आणि एवढंच म्हणालीस, "त्या घरी बुढी नाही गा." मी म्हणालो, "बाजूच्या घरची असंन." ताटात नेहमीएवढंच वाढलंस. त्यानंतर रजिस्टर मात्र कधी माझ्या हातात दिलं नाहीस. त्या बाईला पोरगी झाली, ती वजनाच्या तक्त्यावर लाल रेघेखाली होती. भट्टीवरची लेकरं अशीच असतात, असं तू कुणाला तरी सांगताना मी ऐकलं आणि ते वाक्य आजवर जपून ठेवलंय. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. मी रायपूरला होतो, तिथून सुरत, मग कुठं कुठं.

ती बाई आता पुलापाशी चहाची टपरी चालवते. तिचा नवरा तिथल्याच फ्लॅटचा राखणदार आहे. दाढीमुळं तिनं मला ओळखलं नाही. पोरगी मैत्रिणींबरोबर शाळेतून आली, दप्तर ठेवून कप विसळायला बसली. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी तिच्यापेक्षा टीचभर उंच आहेत. माझ्यामुळं की भट्टीमुळं, हे मला कोण सांगणार? मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इथल्या जुन्या अंगणवाडीच्या बाई आठवतात का. ती म्हणाली, "हाँ, लंगड़ी बाई. एक बार मुझ पे बहुत चिल्लाई थी. फिर शाम को घर आई, हाथ जोड़ के बोली, तू सच्ची है, मैं आई ही नहीं थी, घर बैठे लिख दिया." मग तिनं साखर ढवळली. "दिल की अच्छी थी. पर काम में झूठी थी."

तू, माय. उभ्या गावाच्या चुली जाऊन पाहणारी तू.

मी चहा संपवला, पैसे ठेवले, उठलो. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर दोन गिऱ्हाईकं होती, म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी पोरगी समोर होती. हे सगळं तुला लिहितोय खरा, पण सांगायचं तिला आहे, आणि ती चालत पाच मिनिटांवर आहे. खरं सांगतो, चार दिवस झाले, मी चहा नाक्यावर पितो.