नव्या घरासाठी खडेमीठ

जोमाभाऊ, पनवेलवरून रंभाताईचा तुझ्या डोक्यावर हात.

माझं मन आता शांत हाय. गोळ्या घेते, झोप लागते. आमच्या इस्पितळानं म्हाताऱ्यांसाठी करंजाड्यात लहान घरं घेतलीत. आमी वॉर्डातल्या चौघी एका घरात राहणार. दाराला कडी आतून हाय, बाहेरून नाय!

काल जेवताना नवी नर्स माझ्या हातात मीठ द्यायला लागली. मी ओरडले, "खाली ठेव, भांडण होईल!" पूर्वी याच ओरडण्यावर सुई टोचायचे. तिनं वाटी खाली ठेवली नि म्हणाली, "माझी आजीपण असंच सांगते."

वहिनीचे गुडघे कसे हायत?

नव्या घरात पहिलं मीठ आपल्या मिठागरातलं पायजे. तूच घेऊन ये. पण हातात देऊ नको, ओट्यावर ठेव. मला इथं सोडलंस तेव्हा भांडलो, तेवढं पुरे.

तुझीच,
रंभाताई