बदकबाईची चाल

प्रिय ताई,

फोनवर काकांचं नाव निघालं की तुझं गॅसवरचं दूध नेमकं उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. पत्राचं तसं नाही, दूध उतू गेलं तरी ते हातात राहतं. म्हणून लिहायला बसलोय. देवाच्या दयेनं इकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला. धाकटीला नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी बाईसाहेब डबा घरी विसरून गेल्या. तुझा गुडघा काय म्हणतोय? भाऊजी औषध वेळेवर देतात की नुसतं विचारतात?

सध्या माझ्या फ्रेमच्या दुकानात एकच काम आहे. इथल्या संग्रहालयात काकांच्या नावाची खोली होतेय. आपल्याकडे पडद्यावर चित्रांना हलायला शिकवलं ते पहिल्यांदा काकांनी, असं तिथल्या बाई सांगतात. आपल्याला काका माहीत ते मागच्या खोलीत दिवसभर दार लावून बसणारे. आई म्हणायची, माणूस चाळिशीला आला तरी बदकंच काढतोय. आणि या बाई, वयानं माझ्या थोरलीएवढ्या, काकांच्या पेन्सिली हातमोजे घालून उचलतात. बोटभरसुद्धा न उरलेल्या पेन्सिली! मी म्हटलं, अहो, आमच्याकडे या केरात जायच्या. तर प्रार्थना चालू असताना कोणी मोठ्यांदा शिंकलं की बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तू हसशील, पण ती खोली म्हणजे आपल्याच घरातल्या चोरीच्या मालाचं गोदाम आहे. बाबांचे मोजे आठवतात? जोडीतला एकच सापडायचा आणि बाबा आपल्यावर डाफरायचे. ते सगळे तिथे आहेत, बोटांकडून कापलेले! हाताच्या घामानं रेघ फिसकटू नये म्हणून काका उजव्या हातात मोजा चढवून काढायचे. आईचा हरवलेला आरसाही तिथेच. त्यात बघून काका तोंडं वेडीवाकडी करायचे आणि तीच तोंडं कोल्ह्याला, बदकाला द्यायचे. त्यांचं ते उतरतं टेबलही आणलंय. मधोमध काच आणि काचेखाली दिवा. कागदावर कागद ठेवला की खालचं चित्र वरून दिसतं. मग वरच्या कागदावर तेच चित्र पुन्हा काढायचं, फक्त पाय केसभर पुढे. असा ढीगभर कागद संपला की बदक चार पावलं चालणार. मी तिथे उभा राहून विचार करत होतो, रोजची प्रार्थना म्हणजे तरी दुसरं काय? तेच पुन्हा, केसभर पुढे.

काकांनी तुझंही काही चोरलं, हे मला ठाऊक आहे. काकांच्या बदकबाईचा सिनेमा आला तेव्हा तू सातवीत होतीस. ते बदक पडद्यावर कोपरं बाहेर काढून, मान ताठ करून, पाय आपटत निघालं आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, अरे, ही तर आपल्या गल्लीतली! सगळं थिएटर हसलं. मग शाळेत क्वॅक, नळावर क्वॅक, आणि तुझ्या लग्नात तू हार घेऊन पुढे आलीस तेव्हा भाऊजींच्या मित्रांमधूनसुद्धा क्वॅक. लग्नाच्या त्याच दिवशी तू काकांना म्हणालीस, तुम्ही माझी चार लोकांत शोभा केलीत. त्यानंतर आजवर एक शब्द नाही. आम्हाला वाटलं, होईल शांत. पण तुझा राग म्हणजे सिमेंट, दिवस जातील तसा घट्ट.

मागच्या आठवड्यात संग्रहालयात त्या चालीचे कागद फ्रेम करायला माझ्या हाती आले. कुठे घडी पडलीय का ते बघायला मी पहिला कागद काकांच्याच टेबलावर ठेवून दिवा लावला. शेजारून बाई म्हणाल्या, अहो, बदकाच्या पंखांत हे काय आहे? खोडलेलं होतं, पण काका पेन्सिल दाबून काढायचे, ओरखडा राहतोच. ट्रे होता, ताई. कोपरा उडालेला आपला ट्रे, आणि त्यावर काठोकाठ भरलेले कप. पुढच्या कागदावर तोच, त्याच्या पुढच्यावरही तोच. मी बाईंना म्हटलं, थांबा, मला जरा बसू द्या.

काका ज्यांच्यासाठी चित्रं काढायचे ते स्टुडिओचे मालक बदकबाईच्या सिनेमाआधी घरी आले होते तो दिवस आठव. त्यांच्यापुढे चहा ठेवलेला. ते काकांना म्हणाले, हा पोरखेळ पुरे करा आता, दुकानांच्या पाट्या रंगवा. बाबा गप्प, आई गप्प, काका खाली मान घालून. आणि तू पुढे झालीस, त्यांच्या नाकासमोरचा ट्रे उचललास आणि तरातरा स्वयंपाकघरात निघालीस! कपासाठी पुढे केलेला मालकांचा हात तसाच हवेत राहिला. तुझा पाय रागानं आपटत होता आणि चहा तर सांडायचा नव्हता. म्हणून ती कोपरं बाहेर, म्हणून ती मान ताठ. आत गेल्यावर आईनं तुला चापट मारली. तुझ्या लक्षात बहुतेक तेवढीच राहिली.

मी तडक काकांकडे गेलो. म्हटलं, ट्रे का खोडलात? तर म्हणतात कसे, अरे शहाण्या, दर कागदावर दोन कप, दोन बश्या, वर वाफ! हात मोडला असता माझा. आणि पंखांत ट्रे धरलेलं बदक कोणाला खरं वाटलं असतं? मी म्हटलं, अहो काका, ट्रे खोडलात, पण कोपरं तशीच ठेवलीत! लोकांना नुसता ठसका दिसला, कारण कुठे दिसलं? मग म्हणाले, त्या दिवशी त्या घरात माझ्या बाजूनं एकच माणूस उठलं. तिचं चालणं मी जपून ठेवलं. मला वाटलं, बाकी कोणाला नाही तरी तिला कळेल. मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तोंडानं सांगायचं नाही होय? म्हणाले, तोंडानं सांगायला जमलं असतं तर जन्मभर बदकं कशाला काढली असती?

आता ज्यासाठी लिहितोय ते. पुढच्या रविवारी ती खोली उघडायची आहे. उद्घाटनाला मोठमोठी नावं निघाली, पण काका अडून बसलेत. माझी पुतणी आली तर उघडा, म्हणाले, नाहीतर राहू द्या कुलूप. बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्यात. शिवाय काकांनी माझ्याकडून एक फ्रेम जास्तीची करून घेतलीय, रिकामी. त्यांचा हात आता थरथरतो, तरी तुझी आत्ताची चाल त्यांना काढायची आहे, गुडघ्यासकट. मी रोज देवापाशी तुम्हा दोघांसाठी मागतो, पण देव फार तर मनात घालील, बॅग तुझी तुलाच भरावी लागेल. राग सोडून ये, असं लिहिणार होतो, तर काकांनी मला अडवलं. म्हणाले, खुळ्या, तसं लिहू नकोस. तिला लिही, चांगली रागातच ये. त्या खोलीत दारापासून टेबलापर्यंतची सगळी जागा त्यांनी मोकळी ठेवायला लावलीय.

तुझाच,
धाकटा