बंड्याचे मागचे पाय

३ फेब्रु.
कुत्र्यांच्या दवाखान्यात बंड्याचं पहिलं लेझर-सिटिंग. हाड शाबूत आहे, पण कमरेतली नस दबलीये. मागचे पाय नुसते ओढतो. डॉ. बाई म्हणाल्या, "लेझरनं सूज उतरेल, दुखणं कमी होईल. पाय येतीलच असं मी सांगणार नाही. दहा वेळा करून बघू." मला काळा चष्मा दिला. बंड्याचे डोळे मी हातानं झाकले. गप पडून राहिला बिचारा. याच हातांनी गाडी रिव्हर्स घेतली होती.
घरी अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रु.
डॉ. बाई चिडल्या. मामंजींनी सकाळीच कमरेला हळद-तेल चोपडलेलं. पुसण्यातच अर्धा वेळ गेला. घरी बोलले तर मामंजी, "लाईट पाडून कुठं कुत्रं उठतंय व्हय? हळदच उठवती त्याला!"
बंड्या त्यांचाच. सासूबाई गेल्यापासून दोघं बरोबर जेवतात.

९ फेब्रु.
तानाजीचं दूध बंद. त्याच्याच टेम्पोनं बंड्याला उडवलं, हे मामंजींनी परस्पर ठरवलं. मी "कुठल्यातरी गाडीनं" एवढंच म्हटलेलं. तानाजी फाटकातून म्हणाला, "वैनी, आईशप्पत, माझ्या गाडीखाली न्हाय आलं. कसं हाय आता?"
"बरा आहे," म्हटलं आणि आत आले. लाज वाटली. खूप.

१३ फेब्रु.
सहावं सिटिंग. बंड्याचे काळे केस लेझरनं लवकर तापतात, म्हणून डॉ. बाई हात सारखा फिरता ठेवतात. शेवटी चिमटा काढला तर मागचा उजवा पाय आखडून घेतला! त्या पहिल्यांदाच हसल्या. मामंजींना सांगितलं. म्हणाले, "हळद."

१७ फेब्रु.
आज सांगायचंच म्हणून चहा घेऊन गेले. मामंजी बंड्याचे पाय चोळत बसलेले. म्हणाले, "तू हाईस म्हणून जगलं बघ हे. पोटच्या पोरागत नेतीस-आणतीस."
चहा ठेवला. परत आले.

२१ फेब्रु.
ऑफिसातून आले. गाडीचा आवाज ऐकला की बंड्या पूर्वी धावत यायचा, मी रिव्हर्स घेतली त्या दिवशीही तसाच आला होता. आज फाटकाशी पोचते तोच मामंजींची आरोळी, "अगं, उठलं! उठलं की!"
चारही पायांवर. लटपटत. तीन पावलं, थेट गाडीकडं.
इंजिन बंद केलं. उतरले.
"मामंजी, तानाजीचा टेम्पो नव्हता तो. मी होते."
ते बंड्याला धरायला वाकलेले. तसेच वाकून राहिले.