ग्रेटाच्या कॉलेजबाबत माझी तटस्थ भूमिका

२६ मार्च
आजपासून रोजनिशी. घरात मोठा निर्णय व्हायचाय आणि डोकं शांत ठेवणारा माणूस मी एकटाच.

ग्रेटाला दोन कॉलेजांनी घेतलंय. एक मिलब्रूक स्टेट, घरापासून पंधरा मिनिटं, मध्ये एकच सिग्नल. दुसरं ॲल्डर हिल, पार तिकडे मेन राज्यात, समुद्राकाठी. इथून, ओहायोहून, गाडीने चौदा तास. एक मेपर्यंत कुठल्या तरी एकाला हो म्हणून अनामत भरायची.

मी पूर्ण तटस्थ आहे. पोरीचं मन जिथे रमेल तिथे तिने जावं. फक्त पैशाचं बघायला हवं. बापाने नाही बघायचं तर कुणी? ॲल्डर हिलची वर्षाची फी वाचली आणि आधी खुर्ची शोधली.

बायकोला माझी भूमिका सांगितली. लोर्ना म्हणाली, गॉर्डन, तू आणि तटस्थ? बरं. आणि भांडी लावायला गेली.

२९ मार्च
ॲल्डर हिलचं पत्र. फीमध्ये बरीच सूट दिलीय. म्हणजे आमच्यासारखंच. जुन्या गाड्या विकण्यात वीस वर्षं गेली, काचेवरची किंमत आणि खरी किंमत वेगळी असते हे मला कोणी शिकवू नये. पण सूट धरूनही मिलब्रूकच्या दुपटीहून जास्त. हायसं वाटलं.

चुकीचा शब्द. काळजी वाटली.

६ एप्रिल
मेनहून परत. कंबर मोडली. निवड झालेल्या पोरांना आणि आईबापांना बोलावून कॉलेज दाखवतात, जेवूखाऊ घालतात. मी मोकळ्या मनाने गेलो होतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. जवळून ओले असतात. वारा असा की टोपी समुद्रात गेली. सूपमध्ये शिंपल्या. एक मुलगा चक्क अनवाणी हिंडत होता आणि त्याला कोणी काही बोलत नव्हतं.

ग्रेटा मात्र खडकातल्या डबक्यापाशी गुडघे टेकून बसली ती उठेना. शेजारी रबरी बूट घातलेली एक प्राध्यापक बाई. दोघी शेवाळाकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होत्या. जेवण गार होतंय म्हणून मी हाका मारल्या. दोघींनीही ऐकल्या नाहीत.

 परतीच्या वाटेवर ग्रेटा म्हणाली, डॅड, त्या बाई मला विचारत होत्या, तुला काय वाटतं? मी म्हणालो, मीसुद्धा विचारतो की. तर म्हणते, तू विचारतोस आणि मग उत्तरही तूच देतोस.

दमली होती बिचारी.

९ एप्रिल
दोन्ही बाजू बघायला हव्यात म्हणून कामावरून येताना मिलब्रूकला एकटाच चक्कर मारली. समुद्र नाही, पण जीवशास्त्र विभागात माशांची मोठी टाकी आहे. मासा एकच, पण तब्येतीने छान.

येताना ग्रेटाच्या खोलीसाठी पडदे घेतले. लोर्नाने विचारलं, पडदे कशाला? म्हटलं, खिडकीला. तिचा भाऊ ड्वेन जेवायला आला होता. तो म्हणाला, भाऊजी, पोरगी जवळ हवीय तर सरळ तसं सांगा ना. ड्वेनला मूलबाळ नाही. त्याला काय कळतंय.

१४ एप्रिल
निर्णय झाला! जेवताना ग्रेटा स्वतःहून म्हणाली, मिलब्रूक चालेल. स्वस्त आहे. चालेल मला. मी तिच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं आणि तिच्या ताटात आणखी एक मांसाचा तुकडा वाढला. तिने तो तसाच ठेवला आणि वर गेली.

लोर्ना म्हणाली, पैसे सारखे असते तर कुठे गेली असतीस, हे विचारलंस तिला? मी म्हणालो, पैसे सारखे नाहीत, तेव्हा हा प्रश्न अव्यवहारी आहे. मग ती म्हणाली, निदान त्या कॉलेजला एक फोन तरी कर. लोक करतात, आणखी थोडं सोडतात ते. घासाघीस हा तर तुझा धंदा.

१५ एप्रिल
विचार केला. फोन करावाच. ते नाही म्हणणार. म्हणजे बापाने प्रयत्न केला हे जन्मभर सांगता येईल आणि पोरगी राहील इथेच. सुंठीवाचून खोकला जाईल. फोन थोडक्यात उरकायचा, आवाज पडेल ठेवायचा.

१८ एप्रिल
फोन केला. मिसेस व्हिटेकर नावाच्या बाई. गोड आवाजात म्हणाल्या, आमच्याकडचा निधी फार मर्यादित आहे हो.

इथेच आभार मानून फोन ठेवायचा होता. पण तो सूर! गिऱ्हाईक उठायला लागलं की मी लावतो, तोच सूर. मॅनेजरला विचारून बघतो, पण कठीण आहे. रक्त उसळलं. खुर्चीतून उठलो. धंदा कसा बसलाय ते सांगितलं. सासूबाईंच्या नर्सचा खर्च सांगितला. मग ग्रेटाचं सांगायला लागलो. लहानपणी ओढ्यातल्या गोगलगायी घरी आणायची, आणि रात्री त्यांना घरची आठवण येत असेल म्हणून रडून मला अंधारात ओढ्यापर्यंत पिटाळायची. शेवाळाबद्दल तर मी इतकं बोललो की मला एवढं माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं.  शेवटी बाई म्हणाल्या, मी समितीपुढे ठेवते, पण मला वाटतं होईल.

सौदा पटत आला की गिऱ्हाईक विचारतं तसं तोंडून सवयीने निघून गेलं, आणि वर काय देणार? बाई हसल्या. म्हणाल्या, किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत तिला पगारी काम देऊ, चारही वर्षं. मी म्हणालो, करा पक्कं.

फोन ठेवून हवेत मूठ मारली. मग खाली बसलो.

२२ एप्रिल
पत्र आलं. खर्च आता जवळजवळ मिलब्रूकइतकाच. वरच्या मजल्यावरून किंकाळी. मला वाटलं उंदीर निघाला. ग्रेटा धावत अंगणात आली, शेजाऱ्यांदेखत गळ्यात पडली. म्हणाली, तुला परवडणार नाही म्हणून मी बोललेच नव्हते रे. डॅड, तू माझ्यासाठी भांडलास! मी म्हणालो, मग, बाप आहे.

लोर्नाने माझ्याकडे बघितलं. माझी पाठ थोपटली. तेच जास्त लागलं.

२५ एप्रिल
पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे. मन रमतं की नाही हे महत्त्वाचं. तिकडची दमट हवा ग्रेटाला मानवेल का, असा मुद्दा जेवताना मांडला. लोर्ना म्हणाली, गॉर्डन, बटाटे खा.

१ मे
अनामत भरली, ॲल्डर हिलला. शेवटचं बटण डॅडनेच दाबायचं असा ग्रेटाचा हट्ट. दाबलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला आणि वर टाळ्या मिळवल्या.

घर खायला उठणार आहे. मला ती जायला नको होती, पहिल्या दिवसापासून नको होती. इथे लिहायला हरकत नाही.

लोर्नाची समजूत घालायला म्हणालो, उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक असते, जूनमध्ये येईलच घरी. ग्रेटा म्हणाली, अरे डॅड, प्रयोगशाळेचं काम उन्हाळ्यातच असतं! जून ते ऑगस्ट, चारही वर्षं. तूच तर मिळवून दिलंस! आणि पुन्हा गळ्यात पडली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सुट्टी चारच दिवसांची, त्यात एवढा प्रवास परवडत नाही. त्या बूटवाल्या बाई मुलांना आपल्या घरी जेवायला नेतात म्हणे.

नाताळात मात्र येणार आहे. नशीब, फोनवर नाताळाचं मी काही मागून घेतलं नव्हतं.